पान एकेचाळीसवरचा पक्षी

पौड, ता. मुळशी
११ नोव्हेंबर २०२४

कौस्तुभराव,

तुमच्या जुन्या वस्तूंच्या संग्रहाचं सूचिपुस्तक शनिवारी कुरिअरवाल्याने दुकानात आणून दिलं. आत चिठ्ठी होती, ‘असलमभाईंना, जुन्या दिवसांच्या आठवणीसाठी.’ अकरा वर्षं दहा महिन्यांनी आठवण झाली. उशिरा का होईना.

मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. पान सतरावरच्या समईला तुम्ही कांस्य म्हटलंय. ती पितळेची आहे; फोटोतही कळतं, काशाचा उजेड तसा पिवळा नसतो. पान तेवीसवरच्या करंड्याचा फोटो उलटा छापलाय. पान साठवरचा अडकित्ता चांगला आहे, पण त्याचं पातं नंतरचं आहे, खिळा बघा. एवढ्या मोठ्या पुस्तकात एवढ्याच चुका म्हणजे काहीच नाहीत.

पान एकेचाळीसवर मात्र मी बराच वेळ थांबलो. ‘लामणदिवा. सतरावं शतक. एका सरदार घराण्याकडून पिढ्यान्‌पिढ्या जपलेला.’ मुखपृष्ठावरही तोच. फोटो उत्तम आलाय. वर साखळी, साखळीखाली दांडी, दांडीवर पक्षी, त्याखाली पाच वातींचं ताट. पक्ष्याबद्दल तुम्ही लिहिलंय की अशी मान कुठल्याही गावठी ओताऱ्याच्या हातून निघणार नाही, हा दरबारी कारखान्यातलाच कारागीर असला पाहिजे.

पक्ष्यावर फक्त दीड पान आहे. हे कमी आहे असं माझं मत. एवढा शोध लावायचा आणि दीड पानात उरकायचा? त्याच्यावर वेगळी पुस्तिका व्हायला हवी.

मी फोनवर मेसेज करत नाही. मेसेज पुसता येतो. तुम्हीही उत्तर कागदावरच द्या, तुमचं अक्षर मला आवडायचं.

असलम अलाउद्दीन


पौड
३० नोव्हेंबर २०२४

कौस्तुभराव,

उत्तर मिळालं. पुस्तिकेचं तुम्ही मनावर घेतलंत, आनंद वाटला. तुमच्या कासार आंबोलीच्या बंगल्यातलं संग्रहालय २ फेब्रुवारीला उघडतंय, दारावरच्या पाटीवर हाच पक्षी कोरून घेतलाय, आणि मी पहिल्या रांगेत बसावं अशी तुमची इच्छा आहे, हेही वाचलं. येईन. नक्की येईन.

तुम्ही आणखी दोन गोष्टी कळवल्यात, त्यांनी तर मी थक्क झालो. पक्ष्याच्या पायाखालच्या दांड्यात आडवं, आरपार भोक आहे, आणि ते अत्तराचा फाया ठेवण्यासाठी असावं. भोकाच्या आत पांढरा थर आहे, तो चंदनाचा असावा. कौस्तुभराव, हे पुस्तिकेत आलंच पाहिजे. फोटोसकट. भोकाचा अगदी जवळून काढलेला फोटो टाका.

तुम्ही तेव्हा बँकेत होतात; बारा वर्षं रविवारी सुटीच्या दिवशी माझ्याकडे यायचात ते आठवतंय. पौडला उतरलात की हॉटेलातून दोन चहा सांगायचात आणि सरळ आत येऊन मोडीच्या ढिगाशेजारी गोणपाटावर बसायचात. लोक जुनी भांडी मोडीत घालून स्टील घेऊन जायचे आणि आपण दोघं तो ढीग उपसायचो. काशावर नखाने टिचकी मारली की आवाज किती वेळ राहतो हे तुम्ही माझ्याकडे शिकलात. कानस हाताची की मशीनची हे शिकलात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट शिकलात ती ही, की आपल्याकडची जुनी वस्तू काळी नसते. रोज घासली जाते ती. जुनेपण कडांवर बघायचं, नाकाडोळ्यांवर बघायचं, बोट जिथे रोज लागतं तिथे बघायचं.

मी सातवी शिकलोय. हे सगळं मला अब्बांच्या तराजूने आणि माझ्या डोळ्यांनी शिकवलं. तुम्हाला मात्र मी शिकवलं.

तुमच्या बंगल्यापासून एक किलोमीटरवर एक घर आहे. ते कोणाचं हे पुढच्या पत्रात लिहीन. आधी पुस्तिका छापून होऊ द्या.

असलम अलाउद्दीन


पौड
२० डिसेंबर २०२४

कौस्तुभराव,

पुस्तिका मिळाली. बेचाळीस पानं, चकचकीत कागद, हजार प्रती. तुम्ही म्हणता चारशे वाटूनही झाल्या. पान नऊवर भोकाचा फोटो आहे. सुंदर आलाय.

आता छापलेलं मागे घेता येणार नाही, म्हणून आता ते घर कोणाचं ते सांगतो.

ते रंभाबाईंचं घर आहे. तुम्हाला नाव आठवत नसेल, चेहरा आठवत असेल. १३ जानेवारी २०१३, रविवार. पौडच्या शाळेचं पटांगण. ‘आपला वारसा ओळखा’ असा मेळावा. तुम्ही नुकतीच पुराणवस्तूंची पदविका घेतली होती. मंचावर टेबल, टेबलावर हिरवं कापड, हातात माईक. माणसं घरच्या वस्तू घेऊन रांगेत उभी. मी रंभाबाईंना घेऊन आलो होतो. त्यांना मीच म्हणालो होतो, की मावशी, तुमचा दिवा एकदा माणसांपुढे येऊ द्या.

चारचौघांत न्यायचा म्हणून त्या माउलीने दोन दिवस चिंच आणि राख लावून तो दिवा घासला. मी म्हटलं, “मावशी, कशाला?” तर म्हणाल्या, “पाव्हन्यांच्या म्होरं काळा दिवा कसा न्यायचा रं? हसत्याल की.”

तुम्ही दिवा हातात घेतलात. उलटा केलात. ताटाच्या काठावरून अंगठा फिरवलात. मी खालून बघत होतो. तुमचा अंगठा काठावर थांबला, पुन्हा मागे आला, पुन्हा फिरला. मी त्या क्षणी ओळखलं की तुम्हाला कळलंय.

आणि मग तुम्ही माईकवर म्हणालात, “आजी, हा तर आरशासारखा चमकतोय. एवढी जुनी वस्तू अशी असते होय? मुरादाबादचा माल आहे. फार तर वीस वर्षं.”

मी खालून ओरडलो, “कौस्तुभराव, कडा बघा. कडा झिजल्यात.”

तुम्ही हसलात. “असलमभाई, तुमचा धंदा वजनावर चालतो. हा विषय वजनाचा नाही.”

अख्खं पटांगण हसलं. मी माझं मत सांगितलं, पण माईक तुमच्याकडे होता.

परत येताना रिक्षात रंभाबाई दिवा पदराखाली धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “आसलम, माज्या आजेसासऱ्यानं गाव धरणात जाताना ह्यो दिवा डोक्यावरनं आनला. धान्य ठेवलं, ह्यो आनला. त्यो काय येडा व्हता व्हय?”

मला तोंड दाखवायला नको म्हणून त्यांनी दिवा माझ्याकडे नाही, पिरंगुटच्या दुसऱ्या मोडीच्या दुकानात घातला आणि स्टीलचे तीन डबे आणले. चौथ्या दिवशी तुम्ही तिथे गेलात. पांढरी गाडी, टोपी, गॉगल. ज्याला ‘वीस वर्षांचा माल’ म्हणालात तो वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेलात. दुकानदाराने मला पंधरवड्यात सांगितलं.

होय, मला तेव्हापासून ठाऊक आहे. मी कोणाला बोललो नाही. बोलून काय होणार होतं? तुम्ही म्हणाला असतात, कोणता दिवा? दिवा तर कुठे दिसत नव्हता. तो कधी तरी बाहेर येणार होता. एवढी सुंदर वस्तू माणूस कपाटात ठेवून मरू शकत नाही. मी वाट बघितली.

मधल्या काळात पौडात कोणी काही हरवलं की म्हणायचे, “असलमला विचारा, त्याची नजर फार!” आणि हसायचे. ज्या घरांतून मला देवघरातली वस्तू बघायला बोलावणं यायचं, ती बोलावणी थांबली. मी अजूनही मोड घेतो. वजनावर.

पक्ष्याचं पुढच्या पत्रात.

असलम अलाउद्दीन


पौड
५ जानेवारी २०२५

कौस्तुभराव,

तीन पत्रांत मी तुम्हाला पक्ष्याबद्दल एकही खोटी गोष्ट सांगितलेली नाही. पुस्तिका काढा म्हणालो, भोकाचा फोटो टाका म्हणालो. तो दरबारी आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. हवं तर पत्रं पुन्हा वाचा.

१९८६ साली, गणपतीच्या आधी, रंभाबाईंचे मालक कुशाबा हा दिवा घेऊन अब्बांकडे आले. साखळी तुटून दिवा जात्याच्या पाळीवर पडला होता. मूळ पक्ष्याची मान गेली होती, पोट चेपलं होतं. कुशाबा म्हणाले, “अलाउद्दीनभाई, सणाला दिवा पायजे. पाखराबिगर लावायचा न्हाई, आमच्यात चालत न्हाई.” त्यांच्या घरची रीत होती; पक्षी वर असल्याशिवाय दिव्यात तेल घालायचं नाही.

नवा पक्षी ओतायला अब्बांकडे ना साचा होता ना वेळ. त्या आठवड्यात एका बंगल्यातून तांब्याचा बंब मोडीत आला होता. आंघोळीच्या पाण्याचा बंब, कौस्तुभराव. त्याला पितळी तोटी होती, आणि तोटीच्या चावीवर, पकडायला, पक्षी होता. तशा तोट्या तेव्हा घरोघरी होत्या. अब्बांनी चावी उपसली, खालचा निमुळता दांडा निम्मा कापला आणि उरलेल्या निम्म्यावर पक्षी दिव्याच्या दांडीत बसवून कथलाचा डाख देऊन जोडला.

आता तुमची पुस्तिका पान नऊ काढा.

ते आडवं भोक अत्तराचं नाही. चावी फिरवली की त्या भोकातून पाणी येतं, पुन्हा फिरवली की बंद होतं. आतला पांढरा थर चंदनाचा नाही. गरम पाण्याचा क्षार आहे. कोणाच्या तरी वीस-पंचवीस वर्षांच्या आंघोळींचा.

बाकी दिवा जुना आहे. साखळी, दांडी, ताट, सगळं. तुम्ही सतरावं शतक म्हणता, मी अठराव्याची सुरुवात म्हणेन, पण त्यावर भांडण नाही. फक्त ज्याच्यावर तुम्ही बेचाळीस पानं लिहिलीत, जो दारावर कोरलात, तेवढाच नवा आहे.

पुरावा म्हणाल, तर तोटी माझ्याकडे आहे. कापलेला अर्धा दांडाही आहे. अशा तोटीत प्रत्येक चावी तिच्याच घरात वाळू-तेलाने घासून बसवलेली असते, दुसऱ्या तोटीत ती बसत नाही. शिवाय अब्बांची करवत डावीकडे झुकायची, कारण त्यांच्या उजव्या अंगठ्याला पेर नव्हतं. दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले की केसाएवढी फट राहत नाही.

माझी मागणी साधी आहे. २ फेब्रुवारीला, पडदा सरकवायच्या आधी, माईकवर सांगा: हा दिवा रंभाबाईंचा आहे, १३ जानेवारी २०१३ ला मी जाणूनबुजून खोटं बोललो, आणि दिवा मी त्यांना परत देतोय. एवढं केलंत तर पक्ष्याचं मी काही बोलणार नाही. नाही केलंत, तर मी तोटी घेऊन पहिल्या रांगेत बसलेला आहेच. तुम्हीच बोलावलंय.

असलम अलाउद्दीन


पौड
१९ जानेवारी २०२५

कौस्तुभराव,

कागदावर लिहा म्हटलं होतं, तुम्ही फोन केलात. हरकत नाही. जे बोलणं झालं ते मी इथे उतरवून ठेवतो, म्हणजे दोघांना आठवेल.

तुम्ही म्हणालात, “असलमभाई, आपण बसून बोलू.”

मी म्हणालो, “बसलोच होतो आपण. बारा वर्षं, गोणपाटावर.”

तुम्ही म्हणालात, “तुमचं नाव मानद सल्लागार म्हणून पाटीवर टाकतो.”

मी म्हणालो, “पक्ष्याच्या वर की खाली?”

मग तुम्ही चिडलात. म्हणालात, एका चुकीसाठी माणसाचं वीस वर्षांचं काम मातीत घालणार का? कोणती चूक म्हणता? चूक चार दिवसांनी टोपी-गॉगल घालून पिरंगुटला जात नाही.

मी तुम्हाला एकच विचारलं, आणि पुन्हा विचारतो. दिवा तुमच्याकडे बारा वर्षं आहे. बारा वर्षांत एकदाही तो पक्षी दांडीतून काढून बघावासा वाटला नाही? डाख दिसला नाही? तुमच्यासारख्या माणसाला बंबाची तोटी ओळखता आली नाही, हे कळल्यावर लोक दिव्याबद्दल नाही विचारणार. ते विचारतील, याला काही येतं तरी का? बाकीच्या नव्वद वस्तूंवरचं याचं लिखाण वाचायचं कशाला? याचं तुमच्याकडे काही उत्तर असेल तर लिहून द्या. सहीनिशी. मी वाचायला तयार आहे.

परवा रंभाबाईंकडे गेलो होतो. आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. मागच्या चार खोल्या हिंजवडीच्या पोरांना भाड्याने दिल्यात, पुढच्या खोलीत त्या आणि देव. मी पुस्तिका दाखवली. चष्मा लावून त्यांनी मुखपृष्ठ बघितलं आणि जोरात हसल्या. “आगं बया! ह्ये तर आपलं पाखरू! कुटं जाऊन बसलंय बग!” मग त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं. सुनेने दिलेला चहा निवेपर्यंत फिरवत होत्या.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. तो इथे लिहीत नाही.

असलम अलाउद्दीन


पौड
१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

कौस्तुभराव,

तुमचं रजिस्टर पत्र काल मिळालं. दोन पानं, निळी शाई, खाली सही आणि तारीख. अक्षर अजून तसंच आहे.

दुसऱ्या पानावरचा तुमचा मजकूर मी जसाच्या तसा उतरवतो:

‘त्या दिवशी मंचावर दिवा हातात घेतला तेव्हाच तो अस्सल असल्याचं मला कळलं होतं. पण कडीपासून ताटापर्यंत, पक्ष्यासकट, सगळा दिवा एका ओतणीचा आहे, असं तुम्हीच दोनशे माणसांदेखत छातीवर हात ठेवून म्हणालात. मी आयुष्यात तुमच्या नजरेवर शंका घेतलेली नाही. म्हणून पक्षी कधी तपासला नाही. मला आता अडाणी ठरवायचं असेल तर तुमचं खोटंही बाहेर येईल. दोघांनी गप्प राहण्यातच दोघांचं भलं आहे.’

दुकानाचं अर्धं शटर ओढून मी हे तीनदा वाचलं.

‘आयुष्यात तुमच्या नजरेवर शंका घेतलेली नाही.’ हे वाक्य ऐकायला मी बारा वर्षं थांबलोय, कौस्तुभ. बारा वर्षं. आणि तू ते मला कुठे लिहिलंस? धमकीच्या मधोमध.

असो. अरे-तुरे झालं, पण खोडत नाही.

तुम्ही लिहिलेलं खरं आहे. मी तसं म्हणालो होतो. २० डिसेंबरच्या पत्रात ‘मी माझं मत सांगितलं’ एवढंच लिहून मी पुढे गेलो, ते मुद्दाम. पुस्तिका बघताना रंभाबाईंनी विचारलेला, मी न लिहिलेला प्रश्नही तोच होता. “आसलम, त्या दिशी तू त्येला सांगितलं व्हतंस का, की ह्ये पाखरू तुज्या बापानं बसवलंया म्हनून?” मी खाली बघत बसलो. त्या म्हणाल्या, “न्हाई ना सांगितलंस? मंग तुमी दोगंबी तसलेच.”

का नाही सांगितलं? तुम्ही ‘वजनाचा विषय नाही’ म्हणालात, लोक हसले, आणि त्या हसण्यात मला अब्बांचं नाव आणि बंबाची तोटी एका वाक्यात घ्यायची लाज वाटली. पक्षी सोडून बाकी दिवा जुना आहे, इतकं म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. पण ‘सोडून’ म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मला सगळंच्या सगळं बरोबर ठरायचं होतं. करंड्याचा उलटा फोटो पकडणारा माणूस मी, आणि माझ्याच बापाचा डाख गिळून टाकला.

तुमचा हिशेब असा, की मला माझी अब्रू तुमच्या फजितीपेक्षा प्यारी आहे. बारा वर्षं माझ्याकडे बसलात, मला ओळखता, म्हणून तसं धरून चाललात. आणि कालपर्यंत ते बरोबरही होतं.

पण तुम्ही स्वतःला वाचवायला एक ओळ जास्त लिहिलीत. दिवा अस्सल असल्याचं तेव्हाच कळलं होतं, ही. तोटीने एवढंच सिद्ध झालं असतं की तुम्हाला पक्षी कळला नाही. तुम्ही रंभाबाईंना फसवलंत हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ते तुम्ही दिलंत. निळ्या शाईत.

उद्या दहा वाजता येतोय. तुमचं पत्र पूर्ण वाचणार आहे, माझ्या खोट्याच्या ओळीसकट. ती मी आधी वाचणार. म्हणजे मग तुमच्या हातात काही उरणार नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तुमच्या बंगल्यावरच्या वॉचमनकडे आत्ता देतोय. एक रात्र आहे. माईक अजून तुमच्याकडे आहे.

असलम अलाउद्दीन


पौड
२१ फेब्रुवारी २०२५

कौस्तुभराव,

तुम्ही मागच्या दाराने गेलात, त्यामुळे पुढचं तुम्हाला नीट कळलं नसेल. कोणी सांगितलं असेल तर तिखटमीठ लावून सांगितलं असेल. मी आहे तसं लिहितो.

तुमचं भाषण संपलं, त्यात रंभाबाईंचं नाव आलं नाही, तेव्हा मी उठलो. तुम्ही म्हणालात, “हे आमचे जुने स्नेही, दोन शब्द बोलतील.” एवढी सभ्यता ठेवलीत, नोंदवतो. मी तुमचं पत्र काढलं. माझी ओळ वाचली, मी २०१३ साली खोटं बोललो, पक्षी माझ्या वडिलांनी बसवलेला आहे, हे मला तेव्हा माहीत होतं. मागे कोणीतरी हसलं. मग तुमची ओळ वाचली. मग कोणी हसलं नाही. मग पिशवीतून तोटी काढून पुस्तिकेच्या ढिगावर ठेवली, पान नऊ उघडून. उद्घाटनाला आलेले मोठे पाहुणे वाकून तोटीकडे बघत होते, मग फोटोकडे, मग तोटीकडे. तुम्ही तेव्हा उठलात.

रंभाबाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्या सरळ काचेच्या पेटीपाशी गेल्या. तुमच्या माणसाने अडवलं. “आजी, हात लावू नका.” त्या म्हणाल्या, “साठ वरसं हात लावतीया. ही काच तुज्या बापाची आसंल, दिवा माजा हाय. काड.” त्याने इकडे तिकडे बघितलं, तुम्ही दिसला नाहीत, तेव्हा त्याने कुलूप काढलं. त्यांनी ताटाखाली हात घालून एक खळगा चाचपला, जात्यावर पडला तेव्हाचा, आणि मान हलवली. दिवा त्या दिवशी त्यांनी नेला नाही. म्हणाल्या, “ज्यानं न्हेलाय त्यानंच आनून द्यावा.”

चौदा तारखेला तुमचा ड्रायव्हर फुग्यांच्या प्लॅस्टिकात गुंडाळून देऊन गेला. तुम्ही आला नाहीत. त्यांनी ते प्लॅस्टिक घडी करून ठेवलंय, तुम्हाला परत करायला.

माझं विचाराल तर, आठवडाभर दुकानात कोणी आलं नाही. पौडात दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. “असलम बी तसलाच निघाला.” हे मी कानाने ऐकलं, माझ्या दुकानासमोर उभं राहून बोललेलं. मग काल उरवड्याहून शुभांगी नावाच्या एक बाई घरचे देवाचे टाक घेऊन आल्या. तीन चांदीचे, एक तांब्याचा. मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे ना, मी काय केलं ते? त्या म्हणाल्या, “माहीत हाय. म्हनून तर आले. आता परत खोटं बोलायची तुमची टाप न्हाई.” मी तासभर बघून सांगितलं, दोन जुने, एक नवा, एक जुन्यावर नवं नाक. त्या नाकावर मी बोट ठेवून दोनदा सांगितलं.

तुमच्या दारावरचा कोरलेला पक्षी अजून तसाच आहे. मी जाता-येता बघतो. काढू नका, अशी माझी विनंती.

दिव्यावरचा पक्षी मी काढणार होतो. खरं सांगतो, तो काढून तुम्हाला पार्सलने पाठवायचा, असं मनात धरून पान्हा घेऊनच मी रंभाबाईंकडे गेलो होतो. त्यांनी पान्हा हातातून काढून घेतला. “त्या पाखराला मी सत्तावीस वरसं हळद-कुकू लावलंया. तुज्या बापाचं हाय ते. तुला लाज वाटत आसंल तर तू डोळं मिट.” पक्षी राहिला. डाखाशेजारी मी दोऱ्याने एक छोटी पितळी पट्टी बांधली आहे, अक्षरं मीच ठोकली: ‘पक्षी बंबाच्या तोटीचा. बसवणार अलाउद्दीन, पौड, १९८६.’ त्यांनी वाचून घेतलं, तेल घातलं, वात लावली.

त्यामुळे सोबतच्या खोक्यात तुमच्यासाठी उरलेलं पाठवतोय. पान एकेचाळीसची जागा आता रिकामी असेल, तिथे ठेवा. नोंद करताना पुन्हा चूक नको, म्हणून लिहूनच देतो. तुम्ही फक्त उतरवून घ्या.

‘क्रमांक एकेचाळीस. पितळी तोटी, तांब्याच्या बंबाची. अंदाजे १९६०. लांबी साडेचार इंच. आतून पांढरा क्षार. सोबत चावीचा कापलेला अर्धा दांडा, करवत डावीकडे झुकलेली. वरची अर्धी चावी, पक्ष्यासह, कासार आंबोली येथे रंभाबाईंच्या देवघरात वापरात आहे. मागितली तरी मिळणार नाही.’

असलम अलाउद्दीन